निळ्या रेषेचा चकवा

नारायणगाव मागे पडलं होतं. रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि पुणे-नाशिक रस्त्यावर पुढे लाल पट्टा दिसत होता. तेवढ्यात फोनमधली बाई म्हणाली, डावीकडे वळा, अकरा मिनिटं वाचतील. वाचलेल्या अकरा मिनिटांचं मी काय करणार होतो, देव जाणे. पण वळलो. दोन किलोमीटर डांबर, मग खडी, मग दोन्ही बाजूंना ऊस आणि मध्ये ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. शेवटी हेडलाइटमध्ये पाणी चमकलं. समोर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा होता, ज्याला गावात सरसकट ‘केटी’ म्हणतात. कठडा नाही, रुंदी माझ्या गाडीपेक्षा वीतभर जास्त. ऑक्टोबर संपत आलेला, ढापे नुकतेच टाकलेले, त्यामुळे एका अंगाला पाणी तुडुंब. आणि फोनवरची निळी रेषा त्या बंधाऱ्यावरून सरळ पलीकडे गेलेली.

बॅटरी घेऊन एक शेतकरी बांधावर आले. ‘‘तुम्ही आजचे तिसरे,’’ ते म्हणाले. ‘‘मोबाईल इकडंच आणून सोडतोय सगळ्यांना. फटफटी जाती वरून. चारचाकी नाय जात.’’ त्यांनी बॅटरी दाखवली आणि मी दोनएकशे मीटर गाडी उलटी घेतली. संगमनेरला पोचलो तेव्हा पाऊण तास उशीर झाला होता.

माझी आजी चकव्याच्या गोष्टी सांगायची. माळावर चकवा लागला की माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे निघाला त्याच बाभळीखाली सापडतो. त्यावर तिचा उपाय साधा होता: चालणं थांबव, खाली बस, उजाडू दे. हा उपाय आजही लागू पडतो, म्हणून हा लेख. नकाशाचं ॲप टाकून द्या असं मी सांगणार नाही. मी स्वतः रोज वापरतो, आणि अनोळखी शहरात त्याच्यासारखा सोबती नाही. पण तो सोबती कुठे ठाम असतो आणि कुठे ठाम असल्याचं नुसतं भासवतो, हे ओळखता यायला हवं.

रस्ता शोधण्याचं हे गणित १९५६ साली एड्सगर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञानं मांडलं. ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत कॉफी पिता पिता, कागद-पेन्सिलीशिवाय, वीस मिनिटांत ते सुचलं असं त्यानंच पुढे सांगितलं. १९५९ मध्ये ते छापून आलं, आणि आजच्या ॲपच्या पोटात त्याचीच सुधारलेली रूपं आहेत. कल्पना अशी की प्रत्येक रस्त्याचा फाट्यापासून फाट्यापर्यंत एकेक तुकडा पाडायचा, प्रत्येक तुकड्याला एक आकडा द्यायचा आणि बेरीज सर्वांत कमी येईल ती वाट निवडायची. या गणितात चूक नसते. चूक असते ती तुकड्याला दिलेल्या आकड्यात, किंवा तो तुकडा रस्ता आहे असं मानण्यात. केटीच्या माथ्यावरून रोज शे-दीडशे दुचाकी जातात. त्या चालवणाऱ्यांच्या खिशांत फोन असतात. दुचाकीवरचा फोन आणि मोटारीतला फोन यांतला फरक यंत्राला दर वेळी ओळखू येईलच असं नाही. फोन पलीकडे जातोय म्हणजे वाट आहे, असा त्याचा हिशेब.

माझी खरी तक्रार रेषेच्या रंगाविषयी आहे. द्रुतगती महामार्गावर ती जितकी जाड आणि निळी, तितकीच पाणंदीवरही जाड आणि निळी. गावातल्या माणसाला रस्ता विचारा. खात्री असेल तर तो हात लांब करून सांगतो. खात्री नसेल तर डोकं खाजवतो, ‘‘तसा रस्ता हाय, पर पाऊस झालाय,’’ म्हणतो. त्या ‘पर’मध्ये सगळी माहिती असते. ॲपच्या आवाजात ‘पर’ नाही.

गर्दीच्या रंगांचंही तसंच. हिरवा म्हणजे चांगला रस्ता, असा आपला समज. हिरवा म्हणजे त्या रस्त्यावरचे फोन अडखळत नाहीत, इतकंच. २०२० मध्ये सायमन वेकर्ट या कलाकारानं बर्लिनमध्ये एका हातगाडीत ९९ फोन भरले आणि ती गाडी मोकळ्या रस्त्यांवरून ओढत नेली. नकाशावर ते रस्ते लाल झाले. याची उलट बाजू आपल्याकडे जास्त महत्त्वाची आहे. ज्या घाटात दरड पडल्यामुळे कोणी फिरकतच नाही, तिथे अडखळायला फोनही नसतात. बंदची नोंद कोणी केलेली नसेल तर तो रस्ता यंत्राला मोकळा वाटू शकतो.

आता पाण्याविषयी, कारण जीव जातात ते इथे. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईला निघालेली एक मोटार अकोले तालुक्यात रात्रीच्या अंधारात धरणाच्या पाण्यात गेली. कोतूळजवळचा पूल पाण्याखाली होता आणि नकाशावर तो जवळचा रस्ता होता. दोघे बाहेर पडले, गाडी चालवणारा वाचला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात मुसळधार पावसात दोन तरुण डॉक्टरांची गाडी नदीत गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून मोटार खाली पडून तिघे गेले. पुराने पुलाचा भाग वाहून गेला होता, पण नकाशात पूल अख्खा होता. जुलै २०२५ मध्ये नवी मुंबईत बेलापूरला पुलावर चढण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्यानं गेलेली गाडी थेट खाडीत उतरली. सागरी सुरक्षा पोलिसांनी गाडी चालवणाऱ्या बाईंना वाचवलं. बरेली सोडली तर या घटना मध्यरात्र उलटल्यावरच्या आहेत. दिवसा काचेतून जे दिसलं असतं ते रात्री पडद्यावर शोधलं गेलं.

आपल्या राज्यात ही अडचण जास्त टोकाची का, तर आपलं पाणी जागेवर राहत नाही. नकाशात धरणाचा निळा आकार ठरावीक असतो, पण फुगवटा मात्र भाद्रपदात पसरतो आणि वैशाखात आकसतो. उजनीच्या पाण्यात बुडालेलं जुनं पळसदेव उन्हाळ्यात वर येतं, हे त्या भागातल्या पोरालाही माहीत असतं. तसे जुने रस्तेही वर येतात. उन्हाळ्यात गाडीवाट, पावसाळ्यात तळ. त्यात उपग्रहाची छायाचित्रं आभाळ निरभ्र असतानाच नीट येतात, म्हणजे आपल्याकडे बहुतेक दिवाळी ते मे या काळातली. जून ते सप्टेंबरचा महाराष्ट्र त्या चित्रात जवळजवळ नसतोच. ओढ्यावरचा फरशी पूल चित्रात कोरडा ठणठणीत दिसतो आणि तुम्ही तिथे श्रावणात पोचता.

म्हणून पावसाळ्यातला नियम एकच, आणि त्यात सवलत नाही. पुलावरून किंवा फरशीवरून पाणी वाहताना दिसलं की गाडी थांबवायची. एक फूटभर वाहतं पाणी लहान मोटार हलवू शकतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. पाण्याखाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली, हे वरून कळत नाही. पुढची जीप गेली म्हणून आपणही जाऊ, हा विचार तर मनातही आणू नका, कारण तिची उंची आणि वजन वेगळं असतं. आणि दुर्दैवानं गाडी पाण्यात गेलीच तर पहिल्या मिनिटात पट्टा सोडून खिडकी उघडायची आणि बाहेर पडायचं. फोन, पाकीट, पिशवी काही शोधायचं नाही.

घाटांची गोष्ट निराळी. तिथे रस्ता खरा असतो, पण तो चालू आहे की नाही हे नकाशाला उशिरा कळतं. भोरहून महाडला उतरणारा वरंध घाट पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानं अनेकदा बंद असतो, कधी फक्त जड वाहनांना, कधी सगळ्यांना. गगनबावड्याहून वैभववाडीला उतरणारा करूळ घाट २०२४ मध्ये रुंदीकरणासाठी कित्येक महिने बंद होता आणि लोकांना भुईबावड्यानं किंवा फोंड्यानं उतरावं लागलं. असा आदेश जिल्ह्याच्या पानावर पहिल्या दिवशी छापून येतो. नकाशात तो येईल तेव्हा येईल. शिवाय घाटातल्या वेळेवर विसंबू नका. धुक्यात ताम्हिणी उतरताना ताशी वीसनं जावं लागतं, आणि गाडी लागणारी दोन मुलं सोबत असतील तर आणखी दोन थांबे धरा. मी घाटाच्या टप्प्याला सरळ दीडपट वेळ देतो. शनिवार-रविवारी माळशेजला तर दुप्पट.

घाट चालू आहे का हे कसं कळणार? माझा जुना आणि अजून न हरलेला प्रश्न आहे: ‘‘एसटी जाते का?’’ घाटाच्या पायथ्याच्या आगारात फोन करा किंवा चहाच्या टपरीवर विचारा. लाल गाडी त्या वाटेनं आज सकाळी गेली असेल तर तुमची मोटार जाईल. ती दुसऱ्या रस्त्यानं वळवली असेल तर तुम्हीही वळा. अर्थात एसटी म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला तेव्हा दोन एसटी गाड्याही त्यात गेल्या. महापुरात रात्री कोणीच निघू नये, एवढाच त्याचा अर्थ. एरवीच्या पावसात मात्र एसटीचा चालक कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त जाणतो, कारण तो तिथून काल गेलेला असतो.

नावांचा घोळ जीवघेणा नसतो, पण फजिती पुरेपूर करतो. आमच्या ओळखीच्या एका घरचं लग्न रायगडातल्या कर्जतला होतं. पुण्याहून आचाऱ्याचा टेम्पो पहाटे निघाला. पोरानं ‘कर्जत’ टाकलं, पहिलं आलेलं निवडलं. रायगडातलं आणि अहिल्यानगर जिल्ह्यातलं, दोन्ही कर्जतांना पुण्याहून अडीच-तीन तासच लागतात, त्यामुळे वेळ पाहूनही शंका आली नाही. जिलबी दौंडच्या पुढे पोचल्यावर कोणीतरी विचारलं की लोणावळा अजून कसं आलं नाही. असं एकच नाव नाही. खेड रत्नागिरीत आहे आणि पुण्यातही, ज्याला राजगुरुनगर म्हणतात. शिरूर पुण्यात, शिरूर कासार बीडमध्ये, शिरूर अनंतपाळ लातूरमध्ये. मालेगाव नाशिकमध्ये आणि वाशीममध्ये. वडगाव, पिंपळगाव, नांदगाव किती आहेत याची गणती करत बसू नका. पुण्याजवळ तर देवाची आळंदी आणि चोराची आळंदी अशा दोन आहेत, आणि चुकून दुसरीकडे पोचलेल्या वारकऱ्याला काय वाटत असेल हे मी अनेकदा कल्पून पाहिलं आहे. गावाच्या नावापुढे तालुका आणि जिल्हा लिहिल्याशिवाय ‘सुरू करा’ हे बटण दाबायचंच नाही. नवी-जुनी नावंही दोन्ही टाकून बघा. अहिल्यानगर आणि अहमदनगर, धाराशिव आणि उस्मानाबाद, सगळ्या ठिकाणी एकाच वेळी बदलली जात नाहीत.

महामार्गांच्या क्रमांकांतही हाच गोंधळ आहे. २०१० मध्ये देशभरचे क्रमांक बदलले, पण ढाब्यावरचा माणूस अजून ‘एनएच फोर’च म्हणतो. मुंबई-पुणे-कोल्हापूर-बंगळूरचा तो ४ आता ४८ आहे. मुंबई-गोव्याचा १७ आता ६६, पुणे-सोलापूरचा ९ आता ६५, पुणे-नाशिकचा ५० आता ६०. फलक एक सांगतो, माणूस दुसरं सांगतो, आणि दोघंही बरोबर असतात.

उंचीचा प्रश्न शहरात येतो. फोनला तुम्ही कुठे आहात हे मोकळ्या आभाळाखाली चार-पाच मीटरच्या फरकानं कळतं, पण पुलावर आहात की पुलाखाली हे तितकं धड कळत नाही. महामार्ग आणि त्याला चिकटलेला सर्व्हिस रोड यांतला फरकही चार-पाच मीटरचाच असतो. पुण्याच्या चांदणी चौकात ऑगस्ट २०२३ पासून इतके रॅम्प झाले आहेत की पुणेकरसुद्धा आधी मनात उजळणी करून शिरतो. अशा ठिकाणी पडदा बघू नका, डोक्यावरचा फलक वाचा. ‘ईशान्येकडे जा’ असं ऐकू आलं तर ते सरळ सोडून द्या. सकाळी आठ वाजता कोथरूडमध्ये ईशान्य कुठे असते हे ज्याला सांगता येतं, त्याला नकाशाची गरजच नाही.

आणि चुकलं तर चुकू द्या. द्रुतगती मार्गावर किंवा समृद्धीवर बाहेर पडण्याचं वळण हुकलं म्हणून गाडी कडेला घेऊन उलटी आणणारे मी पाहिले आहेत. ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर दोन इंटरचेंजमध्ये बरंच अंतर असतं, हे खरं. पण मागून ताशी १२० नं येणाऱ्याला तुम्ही उलटे येत आहात याची कल्पना नसते. पुढच्या वळणाला उतरा, वीस-पंचवीस मिनिटं जातील, जाऊ द्या.

आता निघण्याच्या आदल्या रात्रीची तयारी. खरं काम इथे होतं, स्टिअरिंगवर बसल्यावर नाही. जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं काढा आणि सुचवलेला मार्ग बोटानं मोठा करत पूर्ण बघा. महामार्ग सोडून रेषा कुठे आत शिरते तिथे थांबा. ती का शिरली? सहा मिनिटांसाठी? मग नको. माझा ठोकताळा असा की तासाला दहा मिनिटांहून कमी वाचत असतील तर मोठा रस्ता सोडायचा नाही. शंकास्पद तुकडा उपग्रहाच्या चित्रात बघा: डांबर दिसतं का, नदीवर पूल दिसतो का की नुसती फिकट आडवी पट्टी, जी बहुतेक फरशी किंवा केटी असते. मग दुसऱ्या एखाद्या ॲपमध्ये तोच प्रवास टाका. दोघांनी वेगवेगळ्या वाटा दाखवल्या तर त्यातल्या फरकाच्या ठिकाणी काहीतरी पाणी मुरतंय असं समजा आणि तिथल्या कोणाला तरी फोन करा.

सेटिंग एकदा उघडून बघाच. मागच्या दिवाळीत कोणीतरी ‘टोल टाळा’ लावलेलं असतं आणि या दिवाळीत आपण गल्लीबोळांतून का फिरतोय म्हणून तुम्ही ॲपला शिव्या घालत असता. दुचाकीचा पर्याय आपल्या देशात २०१७ च्या अखेरीस आला. मुलानं त्याच फोनवर तो निवडून ठेवला असेल तर मोटारीला दुचाकीची वाट दाखवली जाईल, आणि तिथे केटी तुमची वाट पाहत असेल. कोकणात जाणाऱ्यांनी ‘फेरी टाळा’ कडेही लक्ष द्यावं. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला, दिघी-आगरदांडा या फेरीबोटी खाडीचा मोठा वळसा वाचवतात. पण नकाशा बोटीची वेळ आणि धक्क्यावरची रांग नीट धरत नाही. शेवटची बोट कितीला, हे फोन करून विचारा. ती चुकली तर समोर दिसणारं गाव रात्री दोन तासांवर जातं.

टेम्पो ट्रॅव्हलर, मिनीबस किंवा मालाची गाडी असेल तर फारच जपून. मोटारीसाठी बनवलेल्या ॲपला तुमची उंची, रुंदी, लांबी ठाऊक नसते. रेल्वेच्या पुलाखालची कमान किती फुटांची, नागमोडी वळणावर बस एका दमात वळेल का, हे त्यानं विचारलेलंच नसतं. वऱ्हाड घेऊन जाणाऱ्या चालकाला त्याच्या अनुभवाचा रस्ता घेऊ द्या. मागच्या बाकावरून फोन पुढे नाचवत ‘काका, इकडून जवळ दाखवतंय’ म्हणणारा भाचा प्रत्येक वऱ्हाडात असतो. त्याला खिडकीजवळ बसवा.

आडभागात जाणार असाल तर त्या पट्ट्याचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. उपग्रहाला रेंज लागत नाही, पण नकाशाच्या चित्राला लागते. ताम्हिणीत किंवा आंबोलीत रेंज गेली की पांढऱ्या पडद्यावर नुसता निळा ठिपका फिरत राहतो. उतरवलेल्या नकाशात गर्दी आणि बंद रस्ते कळत नाहीत, हे लक्षात ठेवा. आणि हसू नका, पण एका कागदावर मुख्य फाट्यांची नावं ओळीनं लिहून घ्या. आमच्या घरी हे काम बायको करते. ‘‘अहो, तुमचा फोन तापून बंद पडला की मलाच विचारणार आहात,’’ असं ती म्हणते, आणि असं दोनदा झालं आहे.

वाटेत मैलाचे दगड वाचायची सवय ठेवा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, नारिंगी असेल तर गावचा रस्ता. फोन तुम्हाला राज्यमार्गावर समजत असेल आणि दगड नारिंगी दिसला, तर कुठेतरी फाटा चुकलाय. फोन हातात घेऊन गाडी चालवू नका. मार्ग बघण्यापुरता त्याचा वापर नियमात बसतो, तोही चालवण्यावरचं लक्ष न ढळता. काचेजवळ स्टँडवर ठेवा आणि मार्ग बदलायचा असेल तर गाडी बाजूला उभी करा.

रस्ता अरुंद होत गेला, खडी लागली, विजेचे खांब संपले, समोरून एकही चारचाकी येईना झाली, तर तिथेच थांबा. आजीचा उपाय. बहुतेकांची चूक रस्ता चुकण्यात नसते, ‘आता इतकं आलोच आहोत तर’ या पाच शब्दांत असते. मागे फिरायला लाज वाटते, गाडीतले हसतील असं वाटतं. हसू देत. मागे वळण्याइतकी जागा आहे तोवर वळा, कारण पुढे ती असेलच असं नाही. कोणी दिसलं तर ‘हा रस्ता अमुक गावाला जातो का’ असं विचारू नका. हो म्हणणं सोपं असतं आणि पाहुण्याला नाही म्हणायला आपल्याकडे जड जातं. ‘तुम्ही स्वतः मोटारीनं जाल तर कुठून जाल?’ असं विचारा. उत्तर बदलतं.

मदत मागायची वेळ आलीच तर ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. तेव्हा ‘झाडाजवळ आहोत’ सांगून उपयोग नसतो. अक्षांश-रेखांश वाचून दाखवता आले पाहिजेत. नकाशावर निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात. महाराष्ट्रात पहिला आकडा १५ ते २३ च्या दरम्यान आणि दुसरा ७२ ते ८१ च्या दरम्यान असतो. उलटसुलट झाले तर ठिकाण भलतीकडेच जातं. दशांश चिन्हानंतरचे किमान चार अंक सांगा. तिसऱ्या अंकापर्यंतच सांगितलंत तर शंभरएक मीटरचा घोळ राहतो. आणि १८.३० म्हणजे १८ अंश ३० मिनिटं नव्हे. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५०. या दोहोंत साधारण बावीस किलोमीटरचं अंतर आहे, आणि दरीत अडकलेल्याला ते परवडत नाही.

लग्नपत्रिकेवर किंवा वास्तुशांतीच्या निमंत्रणावर क्यूआर कोड छापणाऱ्यांना एक विनंती. छापण्याआधी तो कोड अनोळखी माणसाच्या फोनवर उघडून त्याच्या गाडीतून एकदा या. अनेकदा खूण कार्यालयाच्या मागच्या भिंतीवर पडलेली असते आणि पाहुणे मागच्या गल्लीत फिरत राहतात. खाली एक ओळ माणसाच्या भाषेत लिहा: अमुक पेट्रोल पंपाच्या पुढचा पहिला उजवा, कमानीतून आत.

शेवटची गोष्ट त्या केटीची. दुसऱ्या दिवशी मी ॲपमध्ये जाऊन तो तुकडा ‘चारचाकीसाठी नाही’ असा कळवला, बंधाऱ्याचा फोटो जोडला. खुल्या नकाशात, म्हणजे २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपमध्ये, कोणालाही स्वतःच दुरुस्ती करता येते, तिथेही केली. दोन्हींना मिळून वीस मिनिटं लागली, म्हणजे वाचवायला निघालेल्या अकरापेक्षा नऊ जास्त. ज्या शेतकऱ्यांनी मला बॅटरी दाखवली त्यांच्याकडे स्मार्टफोन होता, पण रस्ता चुकीचा दाखवला तर तो आपल्याला दुरुस्त करता येतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. तुमच्या गावात असा एखादा बंधारा, फरशी, बुडणारा पूल किंवा पाणंद असेल, तर ती कुठल्या महिन्यांत बंद असते हे लिहून या आठवड्यात कळवा. पाऊस सुरू होण्याआधी.